ढोबळेच्या हातातली फाइल

छिंदवाडा जिल्ह्यात पहिला कॉम्प्युटर मी आणला, हे मी आजवर पाचशे लग्नांच्या पंगतीत सांगितलं आहे आणि कुणी खोडून काढलेलं नाही. खोडून काढण्याइतकं ज्यांना कळतं ते नागपूरला राहतात. आमच्या पंगतीला येत नाहीत. खरं म्हणजे तो ट्रकनं आणला. मी मागं त्याला धरून बसलो होतो, इतकंच. पण सौसरच्या नाक्यावर ट्रक थांबला आणि लोकांनी आत वाकून विचारलं, "काय हाये बाप्पा?" तेव्हा मी म्हटलं, "वाघ." अर्धं गाव मागं सरकलं आणि अर्धं पुढं आलं. पुढं आलेल्या अर्ध्यातले निम्मे मला नंतर वर्षानुवर्षं विचारत राहिले, वाघ जेवतो काय म्हणून.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. सौसरजवळ गोण्या विणायचा एक कारखाना होता, तिथं मी प्रोग्रामर. घर पांढुर्ण्याला. रोज बसनं येणं-जाणं. पांढुर्ण्यात माझी ओळख 'टीव्ही दुरुस्त करणारा गुणवंत' अशी होती, कारण कॉम्प्युटर काय ते सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा समोरच्यानं घरातला बंद टीव्ही आणून ठेवला. एक तर मी दुरुस्तही केला. त्यानंतर खरं सांगून काही उपयोग राहिला नाही.

आताच्या पोरांचा कॉम्प्युटर ज्याचा त्याच्या खिशात. तेव्हा अख्ख्या कारखान्याला एक. लोखंडी कपाटाएवढं धूड, आणि त्याच्यापासून तारा निघून चार टेबलांवरच्या चार पडद्यांना जोडलेल्या. एक हजेरीला, एक स्टोअरला, एक हिशेबाला आणि एक आम्हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांना. एका विहिरीवर चार मोटा. हिशेबवाल्यांनी मोठं काम लावलं की स्टोअरवाल्यांचा पडदा थिजायचा, आणि स्टोअरचे पाटणकरबाबू तिथून ओरडायचे, "ओ गुणवंतराव, आमच्या वाटचं पानी कोन वढून राहिलं?"

यंत्राच्या खोलीत दोन एसी. मे महिन्यात बाहेर डांबर पातळ व्हायचं आणि आत मी स्वेटर घालून. एकदा चहा पिता पिता बशीत गोठला. मी तो चावून खाल्ला. या थंडीची कीर्ती पसरली आणि संत्र्यांच्या हंगामात आमची खोली म्हणजे तालुक्याचं कोठार झालं. मॅनेजरसाहेबांची एक टोपली आली, मग त्यांच्या साडूची, मग ज्याला ज्याला म्हणून झाड होतं त्याची. वीज आणि एसी सांभाळणारे बळीरामकाका टोपल्या रचायचे. गुडघ्यापर्यंत धोतर, कानात विडीचं थोटूक आणि खिशात टेस्टर असा माणूस. मी चिडलो की म्हणायचे, "सायेब, तुमच्या यंत्राले थंड लागते, आमच्या संत्र्याले थंड लागते. दोघं एका खोलीत झोपले तं काय बिघडलं?" बिघडलं हे, की मुंग्या आल्या. मुंबईच्या मोठ्या ऑफिसातून इंजिनिअर आला, त्यानं पडदा उघडला, तर आत संत्र्याची बी. आणि तिला कोंब. दोन पानांचा. खोटं वाटत असेल तर त्या इंजिनिअरला विचारा. तो कुठं असतो मला माहीत नाही.

हे सगळं मी आज हसत सांगतो. तेव्हा हसायला दुसरा माणूस लागायचा, आणि तो एकच होता. देवीदास ढोबळे, मोहगावचा. माझ्यासारखाच प्रोग्रामर, माझ्याहून तरुण, माझ्याहून हुशार. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहीत आहे.

प्रोग्रामर दोन आणि पडदा एक. म्हणून मी सकाळपाळी आणि देव्या दुपारपाळी. मी गेटबाहेर बसमध्ये चढायचो तेव्हा तो उतरायचा. एवढीच भेट. "काय म्हनते?" "मस्त." बस सुटायची. आता अडचण अशी, की काम दोघांचं एकच. हजेरीचा प्रोग्राम सकाळी मी दुरुस्त करायचा, दुपारी त्यानं. त्यानं माझं पुसलं तर? मी त्याचं बिघडवलं तर? यासाठी यंत्रात एक वेगळा प्रोग्राम होता. आम्ही त्याला मुनीमजी म्हणायचो, कारण तो पेढीवरच्या जुन्या मुनिमासारखा होता: काही विसरत नाही, काही टाकत नाही.

मुनीमजींचे नियम दोन. पहिला: ज्याला फाइल दुरुस्त करायची त्यानं ती मागून घ्यायची. घेतली की तिच्यावर त्याच्या नावाचं कुलूप. तो परत ठेवीपर्यंत दुसऱ्यानं हात लावायचा नाही. दुसरा: परत ठेवताना काय बदललं आणि का, ते एकदोन ओळींत लिहायचं. मुनीमजी जुनी फाइलही ठेवायचे, नवीही ठेवायचे, आणि त्या ओळीही. अगदी पहिल्या दिवशीचा प्रोग्राम मागितला तरी काढून द्यायचे. पाटणकरबाबूंनी हे ऐकलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मंग मागच्या साली चोरी गेलेले बेअरिंग काढून देईन काय?"

त्या एकदोन ओळींत मी आणि देव्या राहत होतो. इंग्रजी अक्षरांत, पण आमच्या बोलीत. तो लिहायचा: 'हजेरीत रविवार दोनदा मोजत होता, आता एकदा मोजते. खालच्या ड्रॉवरात चिवडा आहे, उंदराच्या आधी खाजो.' दुसऱ्या दिवशी माझं: 'देव्या, तुझ्या दुरुस्तीनं वॉचमनचं वय उणे चार आलं. तो अजून जन्माले यायचा आहे, गेटवर कोन बसला ते पाहून सांगजो.' त्याचं उत्तर: 'पाहिलं. झोपला आहे. जन्मल्यावर उठवतो.' आईचं पाय दुखणं, माझ्या मोठीचा शाळेतला पहिला दिवस, तो लग्नासाठी पाहायला गेला त्या मुलीनं विचारलेला प्रश्न ('तुमी टीव्ही पन दुरुस्त करता काय?'), सगळं तिथं. मुंबईच्या ऑफिसला आमचे प्रोग्राम जायचे, ओळी जायच्या नाहीत. प्रत्यक्षात आम्ही दोघं मिळून एक कप चहाही बसून प्यालो नसू. पण त्या माणसाला माझ्या घरातलं जे ठाऊक होतं ते माझ्या सख्ख्या भावाला नव्हतं.

एका दुपारी बसमधून उतरता उतरता तो म्हणाला, "गुणवंतभाऊ, ओव्हरटाइमची फाइल मी घेतली आहे. तिले हात नको लावजो. उद्या ठेवतो."

"ठेवजो," मी म्हटलं, आणि चढलो.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, मुंबईहून तार आली होती. कुठल्या कंपनीनं अमेरिकेला न्यायला माणसं निवडली होती, त्यात हा. इतका गुपचूप अर्ज केला होता की त्याच्या आईलाही जामसांवलीला मारुतीपुढं नारळ फोडताना कळलं. त्याच आठवड्यात गेला. नंतर एक कार्ड आलं, बर्फाचं. मागं लिहिलं होतं: 'इथं आपल्या मशीनरूमपेक्षा थंड आहे.' मी उत्तर धाडलं. मग काही आलं नाही. त्याला दोष देत नाही. एवढ्या थंडीत माणसाचे हात चालत नसतील.

त्याच्या जागी कुणी नेमलं नाही. सकाळपाळ माझी, दुपारपाळही माझी. कुलपं दुसऱ्यापासून राखण्यासाठी असतात. दुसरा उरला नव्हता. तरी मी फाइल मागून घ्यायचो, परत ठेवायचो, ओळ लिहायचो. 'आज पाटणकरबाबूंनी पडद्याले टॉवेल बांधला, म्हणे डोळे येतात.' खाली उत्तर नसायचं. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली माझीच पुढची ओळ. विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं, फक्त आवाजही परत यायचा नाही.

आणि ओव्हरटाइमची फाइल? तिच्यावर ढोबळेचं कुलूप. मागितली की मुनीमजी सांगायचे: ही ढोबळेच्या हातात आहे. कुलूप तोडायचा अधिकार मला होता. मी तोडलं नाही. तिची नक्कल शेजारी काढून घेतली, तिच्यात दुरुस्त्या केल्या, आणि कारखान्याचा ओव्हरटाइम त्या नकलेवर चालवला. असल आपली ढोबळेची वाट पाहत बसलेली. अख्ख्या मध्य प्रदेशात असा कारभार दुसरा नसेल, याची मला खात्री आहे. मध्य प्रदेशात तेव्हा कॉम्प्युटर किती होते हा भाग सोडा.

दोन वर्षं अशी गेली. मग मुंबईहून पाकीट आलं. आत एक टेप आणि एक सूचना. टेपमध्ये नवे मुनीमजी. जुने फार सुस्त, फार जागा खाणारे. सगळ्या कारखान्यांनी नवे बसवावेत. जुन्या आवृत्त्या नेत बसू नये, प्रत्येक प्रोग्रामचा ताजा नमुना तेवढा न्यावा. आणि कुणाच्या नावाची कुलपं असतील तर आधी तोडून टाकावीत.

म्हणजे देव्याला पुसून टाकावं. त्यांनी असं लिहिलं नव्हतं, पण अर्थ तोच होता. सगळ्या ओळी जुन्या आवृत्त्यांना चिकटलेल्या. आवृत्त्या गेल्या की चिवडा गेला, वॉचमन गेला, त्या मुलीचा प्रश्न गेला.

मी ठरवलं, एकही ओळ मागं ठेवायची नाही. जुन्याचं नव्यात रूपांतर करता येत होतं, पण त्याला वेळ फार लागायचा आणि यंत्रात जागा कमी. म्हणून एकेक फाइल घ्यायची, नव्या मुनिमाच्या पद्धतीत उतरवायची आणि जुनी पुसून पुढच्या फाइलीला जागा करायची. हे चालू असताना यंत्र दुसऱ्या कुणी वापरायचं नाही, आणि वीज जायची नाही. वीज मध्ये गेली तर नवं अर्धवट आणि जुनं पुसलेलं. घर बदलताना सामान ऐन रस्त्यावर असताना पाऊस यावा तसं. उपाय एकच, आधी सगळ्याची एक प्रत टेपवर घेणं. ती मी घेतली.

कारखाना पूर्ण बंद असेल असा दिवस हवा. पोळा. आमच्याकडं पोळ्याला कारखानाच काय, सावकाराचं तोंडही बंद असतं. ड्यूटीवर फक्त बळीरामकाका.

आदल्या दिवशी दुपारी मी तयारी करत होतो, तर काका पळसाची पानं आणि वाटीत हळद-तूप घेऊन आत आले. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा तुपा-हळदीनं शेकतात आणि त्याला दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं बोलावणं देतात. काकांनी यंत्राला एक फेरी मारली. जिथून जाड तारा निघतात ती बाजू त्यांना खांद्यासारखी वाटली असावी. तिथं पानानं हळूच तूप लावलं आणि हात जोडून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"काका, हे काय करून राहिले?"

"दरसाल घरच्या बैलाले करतो. औंदा बैल इकला. मंग म्हटलं, आपल्याकडं राबनारा हाच तं हाये."

मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं, म्हणून मोठ्यानं आलं. यंत्राच्या वतीनं मीच म्हटलं, "हाव, येईन जेवाले."

पोळ्याच्या सकाळी काम सुरू केलं. पडद्यावर एकेक फाइलीचं नाव यायचं आणि सरकायचं. मी नुसता पाहत बसलो. दुपार कलली तशी भूक लागली. खोलीत खायचं नाही हा नियम मीच केलेला (चिवडा सोडून), म्हणून डबा घेऊन कँटीनच्या ओट्यावर गेलो. बाहेर सगळं सामसूम. लांबून सौसरच्या बाजूनं बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. डबा संपवून परत आलो आणि दारातच थांबलो. एसी बोलत नव्हते. यंत्राचा गुरगुराट बंद. बारा महिने कानात असलेला आवाज थांबला की कान दुखतात.

आत यंत्राच्या डोक्यावर झेंडूची माळ. अंगावर गुलालाचे पंजे. प्रिंटरवर केळीचं पान, त्याच्यावर पुरणपोळ्या आणि वडे. आणि समोर बळीरामकाका, हात जोडून. त्यांनी मेन स्विच पाडला होता. वीज गेली तर यंत्र जगवायला बॅटरी होती, तिचंही बटण बंद केलं होतं. अर्धवट काम करायची त्यांना सवयच नव्हती.

"काका! बंद काहून केलं?"

"आज पोळा हाये सायेब. पोळ्याले कोनी जू ठिवते काय? तुमी बाहीर गेल्ते, ते एकलंच राबून राह्यलं होतं. मले पाहवलं नाई."

मी खाली बसलो. ओरडायचं सोडून प्रिंटरवरच्या पुरणपोळ्या मोजल्या. माझ्या बाबतीत हे एकदाच घडलेलं आहे.

काका घाबरले. "काई खराब झालं काय?"

"जुनं गेलं, काका. टेपवर असंल तं असंल."

"अन् नवं?"

"नवं मुंबईहून मिळते."

"मंग?"

"जुन्यात देव्या होता."

काकांनी कानातलं थोटूक काढून परत कानात ठेवलं. मग म्हणाले, "ढोबळे सायेब तं अमेरिकेले गेले ना?"

"हाव."

"मंग ते याच्यात कसे?"

मी सांगितलं. चिवडा, वॉचमन, ती मुलगी, सगळं. दोन वर्षांत इतकं मी कुणाशी बोललो नव्हतो. एसी बंद, खोली तापत चाललेली, आणि आम्ही दोघं त्या गुलाल लावलेल्या धुडासमोर घाम पुसत बसलेले. शेवटी काका उठले. केळीचं पान माझ्यापुढं ठेवलं. "यंत्राच्या वाटचं तुमी खा. त्यानंच तं तुमच्या तोंडून हाव म्हटलं होतं."

खाल्लं. 

त्या दिवशी काकांकडेच सौसरला राहिलो. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायची जत्रा. सगळा मुलूख नदीवर. बसमधून लोक तिकडं चालले होते आणि मी उलट दिशेनं, रिकाम्या कारखान्यात. यंत्र चालू केलं. रूपांतर शेवटच्या फाइलीवर थांबलं होतं, आणि सगळ्यांची सूची शेवटी एकदाच लिहिली जायची ती राहिली, म्हणून उतरवलेलं सगळं गोंधळलेलं. टेप लावली. तिनं पहिल्या चार-पाच फाइलींची नुसती नावं दिली, मग करकरली, मग थांबली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. टेपवर लिहिलेलं परत वाचता येतं की नाही, हे लिहिल्यावर लगेच पाहावं लागतं. नवीन लोकांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवायचो. शिकवायला पोळ्यानंतर लागलो.

तर हजेरी गेली. स्टोअर गेलं. हिशेब गेला. ताजे नमुने मुंबईकडं होतेच, काम कुणाचंच अडणार नव्हतं. मुंबईनं जे करा म्हणून सांगितलं होतं, ते बळीरामकाकांनी एका बटणात करून दिलं होतं. गेल्या त्या फक्त आमच्या ओळी.

मग काय उरलं ते पाहायला मी नावं काढली. सगळ्या नव्या, रिकाम्या नावांमध्ये एक जुनी फाइल जशीच्या तशी. ओव्हरटाइम.

मला आधी कळेना. मग लख्ख कळलं. रूपांतराचा प्रोग्राम कुलूप असलेल्या फाइलीला हात लावत नव्हता. सोडून पुढं जायचा. ढोबळेच्या हातात होती, म्हणून ती वाचली. 'हात नको लावजो' म्हणून गेला होता. मी लावला नाही, आणि यंत्रानंही लावला नाही.

तिच्यातल्या सगळ्या ओळी सुरुवातीपासून वाचल्या. ओव्हरटाइम हा तसा रुक्ष प्रोग्राम, त्यामुळं गमती थोड्याच. सगळ्यात शेवटची त्याची होती: 'दिवाळीच्या रात्रीचं काम दुप्पट धरलं. गुणवंतभाऊ, एकदा आपण दोघं एकाच पाळीत येऊ. मॅनेजरले काय सांगायचं ते तू ठरव, थापा तुले चांगल्या जमतात.'

मी ठरवलंच नव्हतं.

आता ही फाइल नव्या मुनिमाच्या ताब्यात द्यायची, तर कुलूप तोडणं भाग होतं. तसा हुकूम दिला. नवे मुनीमजी जुन्यांपेक्षा शिस्तीचे निघाले. त्यांनी सांगितलं: ही ढोबळेच्या हातात आहे, तोडायचं असेल तर कारण लिहा, ते ढोबळेला कळवलं जाईल. म्हणजे यंत्रातल्या ढोबळेच्या टपालपेटीत निरोप पडणार. त्याचं खातं मी कधी बंद केलं नव्हतं. पेटी तिथंच होती, माझ्यापासून हातभर अंतरावर, त्या गुलाल लागलेल्या कपाटात.

कारण काय लिहावं? 'यंत्रणा नवी करायची आहे.' लिहिलं आणि खोडलं. 'तू गेलास.' तेही खोडलं. खोलीत तुपाचा वास अजून होता. मग इंग्रजी अक्षरांत लिहिलं:

'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.'

बटण दाबलं. कुलूप निघालं. फाइल सगळ्या ओळींसकट नव्यात उतरली. पडद्यावर एक ओळ आली, ढोबळेला निरोप दिला म्हणून.

त्यानंतर बरीच वर्षं ते यंत्र चाललं. दर पोळ्याच्या आदल्या दिवशी बळीरामकाका हळद-तूप घेऊन यायचे आणि सणाच्या दिवशी मी मेन स्विचपुढं खुर्ची टाकून बसायचो. जेवणाची पानं मात्र ते दोन आणायचे. एक यंत्राचं, जे मी खायचो. दुसरं कुणाचं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ते नुसतं म्हणायचे, "पाहून घ्या सायेब, ढोबळे सायेबानं वाचलं काय?"

मी पडद्यावर पाहायचो. पेटीत एक निरोप. न वाचलेला.

"नाई, काका."

"मंग पान झाकून ठिवतो," ते म्हणायचे.